सहावा चमचा

शनिवार, १ तारीख

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली म्हणून ही वही. रोज काय जाणवलं ते लिहा, म्हणाले, आणि काहीच जाणवलं नाही तर तेही लिहा. शाळा सुटल्यापासून मी सामानाच्या याद्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही. तेव्हा जसं जमेल तसं.

मूळ गोष्ट एकदाच लिहून टाकतो. चार महिन्यांपूर्वी मला ताप आला, आठ दिवसांनी गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर आहे, पण त्याला कसलाही वास येत नाही. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. तिखट झोंबतं. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. कढईत कांदा परतला काय आणि जुनी चप्पल परतली काय, मला दोन्ही सारखंच. आणि मी चोवीस वर्षं खानावळ चालवणारा स्वयंपाकी आहे.

हे डॉक्टर सोडून कोणालाही ठाऊक नाही, बायकोलाही नाही. आमच्याकडे एक रीत आहे. भांडं उतरवलं की मी लांब दांड्याच्या चमच्यानं एक घोट घेतो, डोळे मिटून विचार करतो, काही कमी असेल ते घालतो. मग बाहेर जाऊन दारावरची पाटी फिरवतो, हात धुतो आणि आत येऊन म्हणतो, "वाढा." त्याआधी वाढपी ताटाला हात लावत नाहीत. त्याला सगळे शेवटचा चमचा म्हणतात. तो चमचा माझा. आता त्या माणसानं बायकोला काय सांगायचं, की गेले चार महिने मी डोळे मिटून नुसता उभा राहतो?

नशीब एवढंच की हात अजून शाबूत आहे. चार महिन्यांत एक तक्रार नाही. उलट घड्याळदुरुस्तीवाले, जे रोज कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात आणि कशालाच चांगलं म्हणत नाहीत, ते मागच्या आठवड्यात म्हणाले की हल्ली रस्सा पूर्वीपेक्षा उजवा होतो. चोवीस वर्षांची सवय हातात उतरलेली असते, ती कुठे जात नाही.

पण हातावर किती दिवस काढणार? म्हणून बेत केला आहे. खानावळीसमोरचं गटार बदलायला घेतलंय, पंधरा दिवस दार बंदच राहणार. डॉक्टर म्हणाले होते, नाकाला काम द्या, वेगवेगळं हुंगत राहा, कधीकधी येतं परत. मग काम द्यायचं तर भरपूर देऊ. मोठ्या शहरात जायचं, बारा दिवस राहायचं, दिवसाला तीन खानावळी. छत्तीस. कुठेतरी एखादा वास असा येईल की नाक दचकून जागं होईल.

बायकोला सांगितलं की सुट्टीवर जाऊ, दुसऱ्यांचं काय चाललंय तेही पाहू. बावीस वर्षांच्या संसारात मी सुट्टीचं नाव काढलेलं नाही. मला वाटलं, हजार प्रश्न विचारील. ती म्हणाली, "चला," आणि पिशवी भरायला लागली.

निघताना पुन्हा चमच्यांवरून डोकं फिरलं. दांड्यावर फूल कोरलेले सहा छोटे चमचे होते, चार महिन्यांपासून पाचच आहेत. तेव्हा मी भांडीवाल्या मावशींना सरळ विचारलं होतं, तुमच्या घरी तर नाही ना गेला? तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की माझ्यासमोर उभ्या राहून बायकोला म्हणतात, "त्यांना सांगा." आजही म्हणाल्या, "त्यांना सांगा, नीट जा." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

रविवार, २ तारीख

पोचलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खिडक्या, एक टेबल, कोपऱ्यात चहापुरती गॅसची शेगडी. बायकोनं आल्या आल्या बटणं तपासली, खिडक्या उघडून पाहिल्या. त्या शेगड्यांचा तिनं धसकाच घेतलाय. तापातून उठल्यावर पाचेक दिवसांनी मी सकाळी बटाटे सोलत बसलो होतो. ही मागच्या दारानं आली, धावत जाऊन बटण फिरवलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. एक बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. मी म्हटलं, आत्ताच उघडलंय, काडेपेटी शोधत होतो. थापा मारण्यात मी कच्चा नाही. तिला पटलं. पण त्या दिवसापासून ती माझ्या आधी उठून स्वयंपाकघरात जाते. पूर्वी अकराला यायची आणि गल्ल्यावर बसायची. या वयात झोप कमी होते म्हणे.

डॉक्टरांनी दिलेल्या चार बाटल्या दाढीच्या डब्यात लपवून आणल्यात. लवंग, कॉफी, लिंबाची साल, साबणाचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. आठवतात सगळे. येत एकही नाही.

सोमवार, ३ तारीख

तीन झाल्या. नियम ठरवले: मोठी हॉटेलं नाहीत, जिथे स्वयंपाकी दिसतो अशीच जागा. आणि जे सगळ्यात वासाचं असेल ते मागवायचं.

सकाळी लसूण लावून भाजलेला पाव. दुपारी धुरावर भाजलेलं मांस. रात्री मासे. नाकाच्या दृष्टीनं पुठ्ठा, पुठ्ठा, पुठ्ठा.

बायको मात्र रंगात आली आहे. एरवी जेवताना गप्प बसणारी बाई, आज घासागणिक बोलत होती. लसूण आधी भाजून मग लोण्यात कालवलाय, मांसाला गोडसर धूर आहे, माशांचं तेल जुनं आहे. मला बरंच झालं. मी मान हलवतो आणि तिनं सांगितलेलं माझ्या शब्दांत परत सांगतो, तिला वाटतं आमचं मत जुळलं.

मंगळवार, ४ तारीख

सहा झाल्या. काही नाही.

गुरुवार, ६ तारीख

बारा. पोट तक्रार करायला लागलंय, पण मी त्याला विचारलेलं नाही.

आज दुपारची जागा बाजाराच्या कडेला होती, टेबलं रस्त्यावरच. शेजारच्या टेबलावर कचेरीतली चार माणसं जेवत होती, त्यातल्या एकानं पहिला घास घेतला आणि नुसता "अहाहा" म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की ताट उचलून त्याच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं. बिचाऱ्यानं माझं काय घोडं मारलं होतं? मत्सर म्हणतात तो हाच. लिहून ठेवतो, कारण डॉक्टर म्हणाले जे जाणवेल ते लिहा.

बायकोनं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, मीठ जास्त आहे. मीठ खरंच जास्त होतं. एवढं अजून खात्रीनं सांगता येतं.

शुक्रवार, ७ तारीख

पंधरा.

एक नवल. लिंबाची साल घरून आणलेली, आठवडा होत आला, तरी पिवळीधमक आणि ओलसर आहे. घरी तिसऱ्या दिवशी वाळून तिचं चामडं व्हायचं. इथली हवा थंड आहे त्याचा परिणाम असावा. डॉक्टरांना सांगायला हवं.

शनिवार, ८ तारीख

आज सकाळी कांद्याच्या सुपाची जागा होती. स्वयंपाकी समोरच कांदे चिरत होता, घमेलंभर. आत शिरलो आणि काहीतरी झालं. नाकात वरपर्यंत काहीतरी गेलं, डोळ्यांत पाणी आलं. मी बायकोचा हात घट्ट धरला. बावीस वर्षांत चारचौघांत मी तिचा हात धरलेला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "कांदा." ती म्हणाली, "हो." तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

सूप आलं. वाटी नाकाशी धरली. ओला पुठ्ठा.

मग कळलं. कांदा डोळ्यांना झोंबला होता, नाकाला नाही. नाक नसलेल्या माणसाच्याही डोळ्यांत तो पाणी आणेल. मी सूप संपवलं, पावानं वाटी पुसून घेतली आणि पुढच्या खानावळीचा रस्ता विचारला. ही म्हणाली, आज दुपारी जरा पडून राहू. मी म्हटलं, अठरा झाल्याशिवाय नाही. अठरा केल्या.

सोमवार, १० तारीख

चोवीस. दोन तृतीयांश झालं.

सरळ लिहितो. मला भीती वाटते. दिवसा वाटत नाही, कारण दिवसा मी खात असतो. पण दोन जेवणांच्या मधल्या वेळात खोलीत बसलो की वाटते. हात किती दिवस साथ देईल? एक दिवस तळाला लागेल, एक दिवस नासलेलं दूध पडेल आणि मी डोळे मिटून म्हणेन, वाढा. कोणाचं पोट बिघडलं तर? त्यापेक्षा तोंड दाखवण्याजोगं आहे तोवर थांबलेलं बरं.

तेव्हा ठरवलं. चौदा तारखेपर्यंत नाक आलं तर आलं. नाही आलं तर परत गेल्या गेल्या खानावळ शेजारच्या बेकरीवाल्याला देऊन टाकायची. तो तीन वर्षं मागे लागलाय. बायकोला म्हणेन, दमलो. वासाचं तिला शेवटपर्यंत सांगायचं नाही. ज्या माणसाच्या हाताचं खाऊन तिनं त्याच्याशी लग्न केलं, तो माणूस आता नाही हे तिला कशाला कळायला हवं?

ता. क. पाय मोकळे करून परत आलो तर हिचा चष्मा माझ्या वहीत सापडला, याच पानात. कुठे काय ठेवते हिला हल्ली शुद्ध नसते. वाचायची भीती नाही, माझं अक्षर मलाच लागत नाही.

मंगळवार, ११ तारीख

सव्विसावी खानावळ. आज सगळं सांगोपांग लिहायला हवं.

मंडईच्या मागच्या गल्लीत, पाच टेबलं, एकटी बाई रांधते आणि वाढते. माशांचा रस्सा आणि भात. ही आज सकाळपासून गप्पच होती. एरवी घासागणिक बोलणारी, आज एक शब्द नाही. मला वाटलं, दमली असेल. तिनं काही सांगितलं नाही त्यामुळे मला स्वतःच अंदाज बांधावा लागला. रस्सा गडद, वर तेलाचा तवंग, किंचित कडसर. म्हणजे मसाला चांगला खरपूस भाजलेला असणार. मी दोन वाट्या खाल्ल्या. आणि एका धंद्यातल्या माणसानं दुसऱ्याला द्यावी तशी दाद द्यायला उठून तिच्याकडे गेलो. म्हटलं, बाई, खमंगपणा काय सुंदर उतरलाय.

ती लालबुंद झाली. म्हणाली, "गरिबाची थट्टा करता का? तळाला लागलंय सगळं. जळका वास पार गल्लीत गेलाय. तुमच्या टेबलाशी येऊन मी म्हटलं ना, दुसरं काही करून देते. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता, तुमच्या बाईच म्हणाल्या, राहू दे."

मी मागे वळून पाहिलं. चारही टेबलं रिकामी होती, ताटं भरलेली तशीच. आमच्या टेबलावर माझी वाटी रिकामी. आणि हिचीही.

रस्त्यात आल्यावर मी विचारलं, "तुला कळलं नव्हतं?"

"दारातून आत शिरतानाच कळलं."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुम्ही खात होता म्हणून."

मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. शेगडीचं बटण उघडं राहिलं त्या दिवशीच तिला कळलं होतं. गॅसचा वास अंगणापर्यंत येत होता आणि मी आत शीळ घालत बटाटे सोलत होतो. त्या दिवसापासून मी शेवटचा चमचा घेऊन पाटी फिरवायला बाहेर गेलो की ती मागून एक घोट घ्यायची. कधी आलं, कधी कोथिंबीर, कधी चिमूटभर मसाला. मी हात धुऊन येईपर्यंत भांड्यावर झाकण. दोनदा तळाला लागलं होतं, ते तिनं वरचं वर काढून दुसऱ्या भांड्यात घेतलं. एकदा दूध ओतून दिलं आणि मला म्हणाली मांजरानं सांडलं. मांजराला मी लाथ मारायला धावलो होतो, ते मला आठवलं.

म्हणजे घड्याळवाल्यांनी ज्याला उजवा म्हटलं तो रस्सा माझा नव्हता.

मी म्हणालो, "म्हणजे चार महिने मी स्वयंपाकघरात शोभेला उभा होतो."

ती म्हणाली, "भांडं तुम्ही चढवत होता. मी नुसती शेवटी चिमूट टाकत होते. आणि आज बोलले नाही, कारण मला वाटलं, आज तरी मला विचाराल. मी वाट बघत होते. ते बेकरीवाल्याचं मनातून काढून टाका."

मी उठून चालू लागलो. खोलीच्या जिन्यात लक्षात आलं की बेकरीवाल्याचं मी तिला बोललोच नव्हतो. या वहीशिवाय कोणालाच बोललो नव्हतो.

रात्रीची खानावळ केली नाही.

बुधवार, १२ तारीख

ती उठायच्या आत बाहेर पडलो. दिवसभर रागाच्या भरात चाललो. कोणाचा राग, ते नीट सांगता येत नाही. आधी तिचा. माझ्या पाठीमागे, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भांड्यात. मग माझा. चार महिने मी तिला फसवतोय म्हणून छाती फुगवून फिरत होतो, आणि ती मला फसू देत होती.

दुपारी सत्ताविसाव्या खानावळीत शिरलो. एकटाच. भाजी आणि भात मागवला. समोर ताट आलं आणि मी ते बघत बसलो. काय आहे हे, सांगणारं समोर कोणी नव्हतं. हिरवं होतं, गरम होतं, मीठ बरोबर होतं. त्यापलीकडे काही नाही. तेव्हा कळलं की पहिले आठ दिवस मी खात होतो ते तिचं बोलणं. तिनं सांगितलेला गोडसर धूर, तिनं सांगितलेला लसूण. त्याच्यावर मी चोवीस खानावळी जेवलो होतो. चार घास पोटात ढकलले आणि उठलो. मला रडू आलं, रस्त्यावर, भर दुपारी. एक माणूस थांबून विचारायला लागला. त्याला म्हटलं, कांदा.

खोलीवर आलो तर ही नव्हती, मला शोधायला गेली होती. तोंड धुतलं, दाढीचा डबा उघडला. लिंबाची साल ताजी. मग मी हिची पिशवी उघडली. आत कागदात गुंडाळलेली चार लिंबं होती. त्यातल्या एकाची साल एका बाजूनं नीट तासलेली.

आणि मी इथल्या थंड हवेचे गोडवे गात होतो.

ती आली तेव्हा मी ते लिंबू हातात घेऊनच बसलो होतो. तिनं पाहिलं. म्हणाली, वाळलेली हुंगून काय उपयोग. मी विचारलं, जेवलीस का? नाही म्हणाली. खालच्या दुकानातून पाव आणि अंडी आणली, चहाच्या शेगडीवर मी अंडी केली. ती म्हणाली, "उतरवा, कडेनं लागतायत." मी उतरवली.

गुरुवार, १३ तारीख

चार खानावळी. एकतीस झाल्या. नाकाचं सोडून दिलं आहे. म्हणजे बाटल्या हुंगतो, आशा ठेवतो, पण छत्तीसचा हिशेब आता त्याच्यासाठी नाही.

सकाळी चहा घेताना तिला म्हटलं, चिमूट टाकायची तर नीट शिक. चिमटीत येईल ते टाकणं हा काही स्वयंपाक नव्हे. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "शिकवा की. चार महिने अंदाजपंचे चाललंय, मला काय कमी भीती वाटते?"

पद्धत अशी ठरली. ती वास घेणार आणि जसा वाटेल तसा सांगणार, तिच्या शब्दांत. मसाल्याचं नाव घ्यायचं नाही, नावं माणसाला फसवतात. मी ऐकून सांगणार काय आहे, किती आहे, कधी पडलंय. पहिल्या ठिकाणी तिनं वाटी नाकाशी धरली आणि म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा वास. मी म्हटलं, लवंग, आणि जास्त झाली आहे. दुसऱ्या ठिकाणी म्हणाली, कापलेल्या गवतासारखं, पण शिळं. कोथिंबीर फार आधी घातली, शिजून गेली.

तिसऱ्या ठिकाणी ती अडली. दोनदा घोट घेतला. म्हणाली, "सगळं आहे, पण मधे पोकळ लागतं. घर आहे आणि माणसं नाहीत तसं." मी तिला विचारलं, गोडी आहे का मागे? नाही. रंग पाहिला, फिका. म्हटलं, कांदा घाईत परतलाय. ती स्वयंपाकी माणसाला जाऊन विचारून आली. त्यानं कबूल केलं, आज उशीर झाला म्हणून आच मोठी ठेवली.

ते ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्या पोकळ रश्श्याची दुसरी वाटी मागवली. चार महिन्यांत पहिल्यांदा मी एखाद्या पदार्थाबद्दल खरं काहीतरी बोललो होतो.

संध्याकाळी मात्र भांडण झालं. ती म्हणाली लवंग, मी म्हटलं तू नाव घेतलंस, ती म्हणाली मला येतं ना आता ओळखता. मी म्हटलं एका दिवसात शहाणी झालीस. वेटरनं पाणी दोनदा आणून ठेवलं. लवंगच होती.

शुक्रवार, १४ तारीख

पाच खानावळी. पोट फुटायची वेळ आली, पण छत्तीस म्हणजे छत्तीस. ही म्हणाली, तुमचा हट्ट म्हणजे कमाल आहे. तरी छत्तिसावीत मला आधी खुर्ची तिनंच ओढून दिली.

नाक आलेलं नाही. बेकरीवाल्याला खानावळ द्यायची नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी लिहिता येतील असं वाटलं नव्हतं.

सोमवार, १७ तारीख

खानावळ उघडली. समोर नवीन गटार, रस्त्यावर माती, पण माणसं वेळेवर आली. घड्याळवाले कोपऱ्यात. भांडीवाल्या मावशी मागच्या नळावर.

रस्सा उतरवला. मी भिंतीवरचा लांब दांड्याचा चमचा काढला. रात्रीपासून ठरवून ठेवलं होतं की आज सगळ्यांसमोर, बाहेर न जाता, तो बायकोच्या हातात द्यायचा. आतल्या दारातून गिऱ्हाइकांना दिसेल असा उभा राहिलो आणि चमचा पुढे केला. म्हटलं, "घे. आजपासून तुझा."

तिनं तो घेतला नाही. म्हणाली, "हा मला जड होतो. माझा आहे." आणि कमरेला खोचलेल्या फडक्यातून तिनं एक छोटा चमचा काढला. दांड्यावर फूल कोरलेला. चार महिने रोज वापरून, घाईघाईनं पदराला पुसून फुलाच्या पाकळ्यांत हळद बसली होती.

मी त्या चमच्याकडे बघत राहिलो. नळाचा आवाज थांबला. मावशी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही पाहिला.

बायकोनं रश्श्यात चमचा बुडवला, डोळे मिटले, आणि इतका वेळ मिटले की घड्याळवाले मान उंच करून बघायला लागले. मग म्हणाली, मागे जरा पोकळ आहे. मी आल्याचा एक तुकडा ठेचून घातला, ढवळलं, झाकण ठेवलं, आणि म्हटलं, थोडं थांब. थांबलो. तिनं पुन्हा घेतला.

"वाढा," ती म्हणाली. इतक्या हळू की कोणी हललं नाही. चोवीस वर्षं त्यांना माझ्या आवाजाची सवय. मी लांब चमचा भिंतीवर टांगला. तिनं माझ्याकडे पाहिलं, गळा साफ केला आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "वाढा."

ताटं गेली. मग मी मावशींकडे वळलो. म्हटलं, "मावशी, चमचा सापडला. घरातच होता. मी तुमच्यावर आळ घेतला, ते माझं चुकलं. मला माफ करा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बायकोच्या हातातला चमचा घेतला, नळाखाली धरला, राखेनं घासून लख्ख केला आणि पुसून तिला परत दिला.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "ऐकू आलं."

बायकोनं मला सांगितलं.